क्रॉप बॉडीवर एफ २.८ ची टेली झूम घ्यायचीये? रात्रीची कबड्डी, दशावतार आणि गॅदरिंग काढणाऱ्या नव्या लोकांसाठी सगळं पहिल्यापासून

मागच्या काही महिन्यांत आमच्याकडच्या तीन-चार पोरांनी एकच प्रश्न विचारला, "दादा, ५५-२५० लेन्स आहे, रात्रीचे फोटो हलतात, ७०-२०० एफ २.८ घेऊ का?" दरवेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. मी कणकवलीकडचा, रात्रीचे कबड्डी सामने, जत्रेतले दशावतार आणि शाळांची गॅदरिंग गेली बरीच वर्षं काढतोय आणि सगळं क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या बॉडीवर. सुरुवातीला फुल फ्रेमवाल्यांचे सल्ले वाचून घाईत लेन्स घेतली, ती माझ्या बॉडीवर नीट चाललीच नाही आणि एक अख्खा हंगाम वाया गेला, तो किस्सा खाली चौथ्या पायरीत येईलच.

एक गोष्ट आधीच सांगतो. लेन्स ठरते ती तुम्ही उभे कुठे राहता आणि तिथे उजेड किती असतो यावर, दुसऱ्याच्या बॅगेत काय आहे यावर नाही. पैसे मोजायच्या आधी या दोन गोष्टी मोजा.

## १. दुकानात जायच्या आधी स्वतःचे जुने फोटो उघडा

खोटं वाटेल पण अर्धं काम इथेच होतं. गेल्या हंगामातले तुम्हाला आवडलेले पन्नासेक फोटो आणि वाया गेलेले पन्नासेक फोटो वेगळे काढा आणि प्रत्येकाच्या माहितीत जाऊन तीन आकडे वहीत लिहा: फोकल लेंग्थ (एमएममधला झूमचा आकडा), शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवला होता). बहुतेकांना वाटतं आपण सारखं २५० वरच काढतो, आणि वहीत बघितलं तर निम्मे चांगले फोटो ६० ते १२० मधले निघतात. माझे तसेच निघाले होते.

मग वाया गेलेला एकेक फोटो मोठा करून नीट बघा. "हललाय" हा शब्द आपण तीन वेगवेगळ्या दुखण्यांना वापरतो आणि तिन्हीचं औषध वेगळं आहे:

- मागचे प्रेक्षक, खांब, बॅनरची अक्षरं सगळंच एका दिशेला फराटलेलं आहे, म्हणजे तुमचा हात हललाय. याला स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी लेन्समधली किंवा बॉडीतली सोय) किंवा मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लागतो.
- बॅनर स्वच्छ वाचता येतोय पण खेळाडू पुसट, म्हणजे खेळाडू हललाय. याला शटर वाढवणं एवढा एकच उपाय, आणि त्यासाठी उजेड आत घेणारी लेन्स.
- खेळाडूच्या मागचा पंच एकदम शार्प आणि खेळाडू मऊ, म्हणजे फोकस चुकलाय. हे नुसती महाग लेन्स घेऊन सुटत नाही, उलट एफ २.८ वर जास्त जाणवतं.

माझा एक फोटो अजून ठेवलाय. चढाईपटू बोनस घ्यायला पाय टाकतोय, ८४ एमएम, एफ ५.६, आयएसओ ६४००, शटर १/२००. चेहरा बरा आलाय, मागे बसलेल्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता येतात, पण बोनस रेषेकडे गेलेला पाय गुडघ्याखाली नुसता मातकट फराटा आहे. हे दुसऱ्या प्रकारचं दुखणं. तुमचे फोटो पण बहुतेक असेच असतील तरच पुढे वाचा, कारण पहिल्या प्रकारचे असतील तर मोनोपॉड फार थोड्या पैशात येतो.

## २. फास्ट (लहान एफ आकड्याची) लेन्स म्हणजे नक्की किती फायदा, त्याचा हिशोब

एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अपर्चर, मोठं उघडतं. एफ ५.६ वरून एफ ४ ला आलात की उजेड दुप्पट, एफ ४ वरून २.८ ला आलात की परत दुप्पट, म्हणजे ५.६ ते २.८ सरळ चौपट. वरचाच फोटो एफ २.८ वर काढला असता तर तोच आयएसओ ६४०० ठेवून शटर १/२०० ऐवजी १/८०० मिळालं असतं आणि पाय थांबला असता. किंवा गॅदरिंगमध्ये कोणी नुसतं उभं राहून भाषण करतंय तर शटर तेच ठेवून आयएसओ १६०० वर आणता येतो. क्रॉप बॉडीला, खास करून थोड्या जुन्या बॉडीला, ६४०० आणि १६०० मधला फरक डोळ्याला लगेच दिसतो.

इथे दोन गैरसमज कायम भेटतात. पहिला म्हणजे किट झूमवर लिहिलेलं "४-५.६". त्यातला ४ फक्त अगदी वाइड टोकाला असतो, झूम केलं की लगेच ५.६ कडे सरकतो, म्हणून आपल्याला हवी ती पूर्ण झूममध्ये एकच आकडा ठेवणारी. दुसरा गैरसमज असा की "क्रॉपवर २.८ म्हणजे खरं तर ४ च होतो". उजेडाच्या हिशोबात तसं होत नाही, शटर आणि आयएसओ धरताना २.८ हा २.८ च राहतो. तीच फ्रेम फुल फ्रेमवर घेतली तर बॅकग्राउंड जास्त मऊ होतं आणि नॉइज कमी येतो हे खरंय, पण आपण बॉडी बदलत नाहीयोत, लेन्स बदलतोय.

## ३. पावलं मोजा, क्रॉपचं गणित इथे कळतं

निकॉन, सोनी आणि फुजीच्या क्रॉप बॉडीला १.५ आणि कॅननला १.६ ने गुणायचं हे सगळ्यांना पाठ असतं. ७०-२०० म्हणजे फुल फ्रेमच्या १०५-३०० सारखी, कॅननवर ११२-३२०. सगळे ३०० ऐकून खूश होतात पण घोटाळा या टोकाला नसतो, तो ७० च्या टोकाला असतो, कारण ७० तुमच्याकडे १०५ सारखं घट्ट दिसतं.

कबड्डीचंच बघा. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, मध्यरेषा साडेसहा मीटरवर. तुम्ही अंतिम रेषेच्या मागे दोन मीटरवर मातीत बसलात तर जवळचा कोपरारक्षक तुमच्यापासून तीनेक मीटरवर, मध्यरेषा साडेआठवर आणि पलीकडची अंतिम रेषा पंधरावर. १.५ क्रॉपवर कॅमेरा उभा धरून ७० एमएमला तीन मीटरवर फक्त एक मीटर उंचीचं चित्र मावतं, म्हणजे कोपरारक्षकाचं डोकं घेतलं तर पाय गेले. ५० एमएमला तिथेच १.४ मीटर मावतं आणि वाकून उभा असलेला खेळाडू पूर्ण येतो. मध्यरेषेवरची पकड ७० ला आडवी धरून पावणेतीन-तीन मीटर रुंद मिळते, चार-पाच जण एकावर एक पडले तरी छान बसतात. आणि समोरच्या टोकाला १५० एमएमवर साधारण दोन मीटर पस्तीस सेंटीमीटर रुंदी मिळते, म्हणजे तिथेसुद्धा २०० ची फार गरज पडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, कबड्डी, दशावतार, छोट्या हॉलमधलं बॅडमिंटन किंवा गॅदरिंग एवढंच काढायचं असेल तर क्रॉपवर ५०-१५० च्या आसपासची रेंज ७०-२०० पेक्षा जास्त कामाची. मैदानात लांब उभं राहून टेनिस बॉल क्रिकेट, बैलगाडा शर्यत, नाहीतर मिरवणुकीत गच्चीवरून काढायचं असेल तर ७०-२०० घ्या, ५० मीटरवरच्या बॅट्समनला २०० एमएमला सहा मीटर रुंदीचं चित्र मिळतं, मग थोडं कापावं लागतंच. आणि पक्षी काढायचे असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तिथे ४००-६०० लागतं आणि ते वेगळं प्रकरण आहे.

हे सूत्र लक्षात ठेवा, कुठेही उपयोगी पडतं: सेन्सरची रुंदी २३.५ (कॅननला २२.३) भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर मीटरमध्ये, आलं उत्तर म्हणजे फ्रेमची रुंदी मीटरमध्ये. पुढच्या कार्यक्रमाला जाल तेव्हा तुमची जागा ते रंगमंच पावलांनी मोजून या, मोठं पाऊल साधारण पाऊण मीटर धरा.

## ४. तुमच्या बॉडीला ती लेन्स पूर्ण चालते का (सगळ्यात मोठा सापळा)

आता माझा किस्सा. माझ्याकडे निकॉन डी ५३०० होती. एका विक्रेत्याकडे जुनी ८०-२०० एफ २.८ डी मिळाली, काच एकदम स्वच्छ, किंमत बजेटात, माउंट (लेन्स बॉडीला बसते तो खाचा) तोच, लावून बघितली तर खटकन बसली, स्क्रीनवर फोटो पण आला. मी विचारलं सगळं चालतं ना, तो म्हणाला हो. घरी येऊन शटर अर्धं दाबलं तर लेन्स गप्प. हलवली, पुसली, बॅटरी बदलली, काही नाही. मग आमच्याकडच्या एका जुन्या फोटोग्राफर काकांना फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न केला, "अरे, बॉडीत मोटर आसा काय ता बघलंस?" नव्हती. त्या लेन्सचं फोकस बॉडीतल्या मोटरवर चालतं आणि माझ्या बॉडीत ती मोटरच नव्हती. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. त्या वर्षी सगळे सामने हाताने फोकस फिरवत काढले आणि चांगल्या चढाया बहुतेक हुकल्या.

म्हणून हे एकदा नीट वाचा:

निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० या मालिकांमधल्या बॉडीत (डी ३५००, डी ५६०० पर्यंत सगळ्या) फोकस मोटर नाही. डी ९०, डी ७००० पासून डी ७५०० पर्यंत आणि डी ५०० मध्ये आहे. मोटर नसलेल्या बॉडीसाठी लेन्सच्या नावात एएफ-एस असायलाच हवं, सिग्मा असेल तर एचएसएम, टॅमरॉन असेल तर यूएसडी किंवा "बिल्ट-इन मोटर" असं लिहिलेलं. झेड ५० किंवा झेड एफसीवर एफटीझेड अॅडॉप्टर लावून जुनी लेन्स वापरणार असाल तर अॅडॉप्टरमध्ये पण मोटर नाही, तिथेही एएफ-एसच बघा. उलटा सापळा पण आहे, नव्या "ई" प्रकारच्या निकॉन लेन्सेस, म्हणजे २०१६ ची ७०-२०० एफएल, यांचं अपर्चर विजेवर चालतं आणि डी ९०, डी ८०, डी ३००० सारख्या जुन्या बॉडीवर ते बंदच होत नाही.

कॅननवाल्यांचं सोपं आहे. सगळ्या ईएफ लेन्सेसमध्ये मोटर असते आणि १५००डी पासून ९०डी पर्यंत कुठल्याही क्रॉप डीएसएलआरवर त्या बसतात. आर ७, आर १०, आर ५० असेल तर ईएफ ते आरएफ अॅडॉप्टर लावून जुनी लेन्स फोकस आणि स्टॅबिलायझेशनसकट छान चालते. दुसऱ्या कंपनीची लेन्स अॅडॉप्टरवर लावणार असाल तर स्वतःच्या बॉडीवर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॉडीची ताकद पण प्रामाणिकपणे बघा. १५००डी मध्ये नऊ फोकस पॉइंट आणि त्यातला फक्त मधला क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा, जास्त भरवशाचा), सेकंदाला तीन फोटो. त्यावर एफ २.८ लावली की उजेडाचा फायदा पूर्ण मिळेल, पण फोकस मधल्या पॉइंटवरच ठेवावा लागेल. तरीही बॉडी बदलण्याआधी लेन्स बदला असंच मी सांगेन, लेन्स दहा-पंधरा वर्षं टिकते.

## ५. आता प्रत्यक्ष कुठल्या लेन्सेस बघायच्या

किमती लिहीत नाही, दर दिवाळीला बदलतात आणि सेकंडहँडचं तर माणसागणिक वेगळं असतं.

खास क्रॉपसाठी बनलेल्या थोड्या आहेत पण गुणाच्या आहेत. सिग्मा ५०-१५० एफ २.८ तीन अवतारांत आली, पहिल्या दोन हलक्या पण बिनस्टॅबिलायझेशनच्या, तिसरी २०१२ ची स्टॅबिलायझेशनवाली पण वजन सव्वा किलोच्या वर. आता सेकंडहँडच शोधावी लागते, मिळाली आणि चांगली असली तर सोडू नका. टोकिना ५०-१३५ एफ २.८ साधारण साडेआठशे ग्रॅमची, काच सुरेख, पण निकॉन माउंटमध्ये तिलाही मोटर नाही, म्हणजे परत चौथी पायरी आठवा. सिग्मा ५०-१०० एफ १.८ (२०१६) हे वेगळंच हत्यार आहे, २.८ पेक्षाही दुपटीहून जास्त उजेड घेते. अंधाऱ्या हॉलमध्ये तिच्यासारखी दुसरी नाही, पण दीड किलो वजन, स्टॅबिलायझेशन नाही आणि शंभरला संपते. फुजीवाले नशीबवान, त्यांना ५०-१४० एफ २.८ कंपनीचीच मिळते, किलोच्या आत, स्टॅबिलायझेशनसकट, पावसाच्या शिंतोड्यांपासून सील केलेली.

७०-२०० मध्ये निकॉनची पहिली व्हीआर (२००३; व्हीआर म्हणजे निकॉनचं स्टॅबिलायझेशन) क्रॉपवाल्यांनी जरूर बघावी. फुल फ्रेमवर तिचे कोपरे मऊ येतात म्हणून ते लोक तिला नावं ठेवतात, पण क्रॉप सेन्सर फक्त मधला भाग वापरतो आणि मधे ती आजही खणखणीत आहे, त्यामुळे दुसऱ्याने नाकारलेली लेन्स आपल्याला स्वस्तात लाभते. दुसरी व्हीआर (२००९) कडेपर्यंत शार्प, पण जवळचा माणूस काढताना २०० वर ठेवलं तरी प्रत्यक्षात बरीच कमी झूम मिळते, गॅदरिंगमध्ये पुढच्या रांगेत बसून चेहरे काढणाऱ्यांना हे जाणवेल. कॅननमध्ये २०१० ची दुसरी आवृत्ती आणि २०१८ ची तिसरी आवृत्ती यांची काचेची रचना एकच, तिसरीत कोटिंग सुधारलं, म्हणून सेकंडहँड घेताना दुसरीवर जास्त पैसे वाचतात. टॅमरॉन जी २ (२०१७) नवीन घेणाऱ्यांसाठी चांगला मध्यममार्ग. सिग्मा स्पोर्ट (२०१८) पण उत्तम, फक्त १८०० ग्रॅम आहे, हातात धरून रात्रभर काढायचं म्हणजे मनगटाची परीक्षा.

सोनीवाल्यांनी टॅमरॉन ७०-१८० बघावी. पहिली (२०२०) ८१० ग्रॅमची पण स्टॅबिलायझेशन नाही, आणि ए ६१०० किंवा ए ६४०० च्या बॉडीतही नाही, म्हणून त्यांनी दुसरी आवृत्ती (२०२३) घ्यावी, तिच्यात आहे. ए ६६०० किंवा ए ६७०० असेल तर पहिली चालेल. निकॉन झेड ५० ला झेड ७०-१८० लावली तर तिथेही तोच प्रश्न, लेन्समध्ये नाही आणि बॉडीतही नाही.

बजेट बसत नसेल तर ७०-२०० एफ ४ हा पर्याय वाईट नाही. कॅननची एफ ४ स्टॅबिलायझेशनवाली ७६० ग्रॅमची, म्हणजे एफ २.८ च्या जवळजवळ निम्मी. दिवसाची कामं, लग्नं, पालखी यांना पुरते. पण हॅलोजनखालची कबड्डी तिच्यावर काढायचा विचार असेल तर थांबा, पैसे साठवा आणि २.८ च घ्या, नाहीतर वर्षाने विकून परत घ्यावी लागेल.

टेलिकन्व्हर्टरबद्दल (लेन्स आणि बॉडीच्या मधे लावून झूम वाढवणारी जोडकाच) दोन ओळी. १.४ लावलं की एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जातो, एफ ४ होतो, आणि २ लावलं की ५.६, म्हणजे जिथून निघालात तिथेच. दिवसा ठीक, रात्री नको.

## ६. स्टॅबिलायझेशन हवंच का

रात्रीच्या खेळाला नाही, कारण १/८०० ला तुमचा हात तसाही दिसत नाही. दशावतारात राजा सिंहासनावर बसून गातोय, १/१२५ ला काढता येईल, तिथे मात्र फार उपयोगी. मी म्हणेन दोन लेन्समध्ये बाकी सगळं सारखं असेल तरच याचे जास्त पैसे द्या.

## ७. घ्यायच्या आधी एक रात्र भाड्याने आणून चालवा

हे कोणी करत नाही आणि सगळ्यांनी करायला हवं. पुण्या-मुंबईत आणि आता कोल्हापूर, गोव्याकडेही लेन्स भाड्याने देणारे आहेत. सामन्याच्या रात्रीसाठी आणा, चार तास हातात धरा, दीड किलो म्हणजे काय ते कागदावर कळत नाही. साधारण ही कागदपत्रं मागतात, आधीच बरोबर ठेवा:

- आधार कार्ड, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही
- पॅन कार्डची झेरॉक्स
- सध्याच्या पत्त्यासाठी लाइट बिल किंवा भाडेकरार
- डिपॉझिट, काही ठिकाणी त्याऐवजी सही केलेला चेक
- ओळखीच्या एकाचा फोन नंबर

चेक दिलात तर परत घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. आणि लेन्स ताब्यात घेतानाच काउंटरवर मोबाइलने व्हिडिओ काढा, पुढची काच, मागची काच, कडा, नंबर, सगळं. आधीचा ओरखडा तुमच्या नावावर लागू नये.

## ८. सेकंडहँड लेन्स तपासायची पद्धत

बरोबर न्यायचं सामान: स्वतःची बॉडी, भरलेली बॅटरी, रिकामं कार्ड, चांगला टॉर्च, एक वर्तमानपत्र, जमलं तर लॅपटॉप. भेट दिवसा ठेवा, घाईत असलेल्या माणसाकडून घेऊ नका.

आधी बुरशी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या लेन्सला हा रोगच आहे, पावसाळ्यात हवेतला ओलावा नव्वद टक्क्यांच्या आसपास जातो आणि लेन्स कपाटात चामड्याच्या केसमध्ये बंद असते. दोन्ही झाकणं काढा, अपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मागून टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा, सरळ डोळ्यात उजेड येईल असं नको. धूळ ठिपक्यांसारखी चमकते, थोडी असली तर फोटोत काहीही दिसत नाही, तिला घाबरू नका. बुरशी वेगळी दिसते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, एका कडेपासून मध्याकडे पसरलेले, कधी कधी बर्फाच्या फुलासारखे फाटे फुटलेले. ती कोटिंग खाते, साफ केल्यावरही डाग राहतो. मी एकदा सावंतवाडीला एक लेन्स बघायला गेलो होतो, पुढून आरशासारखी स्वच्छ, टॉर्च मारला तर तिसऱ्या काचेच्या कडेला नखाएवढं जाळं. विकणाऱ्याला बिचाऱ्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. बुरशी दिसली की भाव करू नका, नमस्कार करून निघा. सगळ्या काचेवर दुधासारखी धूसर झाक दिसली तरी तेच.

मग हात लावून बघा. झूम रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जोराने फिरली पाहिजे, मधेच अडकत असेल तर पडलेली असू शकते. पुढचा फिल्टरचा आटा चेपलेला आहे का बघा. माउंटवरचे स्क्रू खरवडलेले असतील तर कोणीतरी उघडलीये. ट्रायपॉड कॉलर आहे का विचारा, बऱ्याच जुन्या लेन्सची हरवलेली असते आणि सुटी घ्यायला गेलात की महाग पडते. हुडचंही तसंच.

आता बॉडीवर लावा. फोकस जवळ-लांब वीस वेळा करा, कान देऊन ऐका, किंचाळल्यासारखा आवाज आला तर मोटर जायला आलेली असते. शटर कॅमेऱ्याला ठरवू देऊन एफ २.८, ५.६ आणि ११ वर एकेक फोटो काढा, तिन्ही सारख्याच उजेडाचे आले पाहिजेत, ११ चा जास्त पांढरा आला तर अपर्चरची पाती नीट बंद होत नाहीयेत. स्टॅबिलायझेशन चालू-बंद करून १/३० ला २०० एमएमवर दहा-दहा फोटो काढून फरक बघा.

शेवटी वर्तमानपत्र. टेबलावर ४५ अंशात तिरकं धरा, एफ २.८, सगळ्यात जास्त झूम, मधल्या ओळीवर फोकस, पाच फोटो. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूत शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधून काढताना दरवेळी पुढची किंवा मागचीच ओळ शार्प येत असेल तर फोकस सरकलेला आहे. डी ७०००-७५००, डी ५००, कॅनन ७०डी, ८०डी, ९०डी मध्ये हे बॉडीतून जुळवता येतं, डी ५६०० किंवा १५००डी मध्ये ती सोयच नाही, म्हणजे तुम्हाला ती लेन्स नको. मिररलेसला (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला) हा त्रास नसतो, तिथे फोकस सेन्सरवरूनच ठरतो.

ही परीक्षा एवढी कडक का तर २०० एमएम, एफ २.८, दहा मीटरवरच्या माणसावर क्रॉप बॉडीत फोकसची खोली जेमतेम २८ सेंटीमीटर असते, पाच मीटरवर तर सातच. तेवढ्यात नाक-डोळे बसायचे असतात.

## ९. पैसे देताना

नवीन घेताना जीएसटी बिलावर लेन्सचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि लेन्सवरचा, बॉक्सवरचा, वॉरंटी कार्डावरचा, चारही एक आहेत का ताडून बघा. मुंबईला फोर्टात बोराबझारच्या बाजूला गेलात की "बिलाशिवाय" आणि "बिलासकट" असे दोन भाव ऐकू येतात. बिलाशिवायचा माल बाहेरून आलेला असतो, भारतातली कंपनीची वॉरंटी त्याला लागू होत नाही. एवढ्या किमतीच्या वस्तूत मी तरी तो धोका घेणार नाही.

सेकंडहँड असेल तर साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, तारीख, मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम आणि सही, सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, रोख नको. बिल-बॉक्स हरवलाय म्हणणारे सगळेच चोर नसतात पण कागदावर सही करायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. उद्या विमा काढायचा झाला तरी तोच कागद लागेल.

## १०. पहिल्या सामन्याला जाताना

शटर १/८००, अपर्चर २.८, आयएसओ ऑटो आणि वरची मर्यादा ६४००, फोकस कंटिन्युअसवर, मधला एकच पॉइंट, छातीवर. यूव्ही फिल्टर रात्री काढून ठेवा, समोरच्या हॅलोजनचे हिरवे गोळे त्याच्यामुळेच फोटोत येतात. मैदानातल्या आणि स्टेजवरच्या दिव्यांची लुकलुक डोळ्याला दिसत नाही पण फोटोत एक उजळ, एक काळपट असा खेळ होतो, बॉडीत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, आणि मिररलेस असेल तर आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, आडवे पट्टे येतात, मेकॅनिकलच ठेवा. दशावतारात फ्लॅश मारू नका, समोर हातात तलवार घेऊन माणूस गिरकी घेत असतो, एक क्षण डोळे दिपले तर कोणाला तरी लागेल.

वजन कायम डाव्या हाताने लेन्सखाली तोला, कॅमेरा गळ्यात अडकवून लेन्स लोंबकळत ठेवू नका, माउंटवर ताण येतो. पट्टा कॉलरला लावता आला तर उत्तम. मोनोपॉडवर असताना बसूनच काढा, मागे प्रेक्षक असतात.

घरी आल्यावर लगेच डब्यात बंद करू नका. मातीचं मैदान असेल तर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग कापड, नाहीतर मातीचे कण काचेवरच घासले जातात. अर्धा तास पंख्याखाली उघडी ठेवा आणि मग एअरटाइट डब्यात, आत सिलिका जेल आणि छोटं ओलावा मोजायचं मीटर. आकडा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला पाहिजे. पावसाळ्यात आमच्याकडे जेल पंधरा दिवसांत रंग बदलते, तेव्हा स्वयंपाकातून बाद केलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर सुकवून परत वापरतो, आणि काम नसलं तरी जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून दहा-वीस फोटो काढतो.